ओतकामाच्या कारखान्यात नोटबुकएलएम : एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची २०१५ची आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ७.१.६ क्रमांकाचे एक नवे कलम होते. कामासाठी कोणते ज्ञान लागते ते संस्थेने ठरवावे, ते टिकवावे आणि ज्यांना लागेल त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, एवढाच त्याचा आशय. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ज्या फाउंड्रीचा गुणवत्ता विभाग मी सांभाळतो, तिथे या कलमाचे उत्तर म्हणून आम्ही अनेक वर्षे ऑडिटरसमोर एक जाड फाइल ठेवत आलो. तिच्यात प्रशिक्षणाच्या हजेरीचे कागद, कार्यसूचनांची यादी आणि काही छायाचित्रे असत. ऑडिट पार पडले की फाइल कपाटात जाई, आणि भट्टीवर अडचण आली की आम्ही सगळे पूर्वीप्रमाणेच मामांना शोधत जात असू. मामा म्हणजे भट्टीवरचे आमचे मिस्त्री. वयाने सगळ्यांत मोठे असल्यामुळे मालकांपासून ट्रेनीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या निवृत्तीला आता दोन वर्षेही उरलेली नाहीत, आणि त्यांना जे कळते त्यातले किती आमच्या फाइलमध्ये आहे, हा प्रश्न मला गेल्या वर्षीच्या पावसाळ्याआधी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने टोचला. त्यातून आम्ही नोटबुकएलएम वापरायला घेतले. सव्वा वर्षाच्या वापरानंतरचे हे परीक्षण आहे.

नोटबुकएलएम हे गूगलचे साधन आहे. मे २०२३मध्ये ते ‘प्रोजेक्ट टेलविंड’ या नावाने जाहीर झाले, त्याच वर्षी जुलैत त्याला आजचे नाव मिळाले आणि जून २०२४मध्ये ते भारतासह दोनशेहून अधिक देशांत व प्रदेशांत खुले झाले. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या चॅटजीपीटीमुळे ज्या प्रकारच्या संवादाची लोकांना सवय झाली, तसाच संवाद इथेही आहे. मात्र इथे आधी आपले कागद द्यायचे आणि मग त्या कागदांबद्दल विचारायचे, असा क्रम आहे. विषयागणिक एक वही उघडायची आणि तिच्यात पीडीएफ, लिखित मजकूर, ध्वनिमुद्रण, असे जे हाताशी असेल ते स्रोत म्हणून टाकायचे. मोफत आवृत्तीत एका वहीत ५० स्रोत बसतात आणि एका स्रोतात पाच लाख शब्दांपर्यंत मजकूर चालतो. उत्तरातल्या विधानांशेजारी लहान आकडे येतात; त्या आकड्यावर क्लिक केले की ते विधान ज्या परिच्छेदावरून आले तो परिच्छेद समोर उघडतो. हे साधन निवडण्याचे माझ्यापुरते कारण हा आकडाच होता. गुणवत्ता विभागात पुराव्याशिवाय बोललेल्या वाक्याला किंमत नसते, आणि उत्तराबरोबर पुरावा दाखवणारे साधन मला आमच्या पेशाच्या जवळचे वाटले. कंपनीचे गूगल वर्कस्पेसचे खाते आधीपासून होते, त्यामुळे वेगळा खर्च आला नाही.

खर्च आला तो वेळेचा. आमच्याकडचे ज्ञान संगणकाला वाचता येईल अशा रूपात नव्हतेच. कार्यसूचना, कंट्रोल प्लॅन (कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे याचा तक्ता) आणि ग्राहकांच्या तक्रारींवर पाठवलेले ८डी अहवाल टाइप केलेले होते. परंतु भट्टीचे लॉगबुक, वाळू-प्रयोगशाळेची वही आणि रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे रजिस्टर, ही तिन्ही हाताने लिहिलेली, तेलाचे आणि कोळसा भुकटीचे डाग पडलेली, आणि तीन पाळ्यांतल्या तीन तऱ्हेच्या अक्षरांतली. त्यांचे नुसते फोटो काढून टाकावेत, असा विचार आम्ही केला आणि सोडून दिला, कारण एका आकड्याचा चुकीचा वाचलेला दशांश पुढे किती महागात पडेल हे आम्हाला ठाऊक होते. डिप्लोमा झालेल्या दोन मुलींनी दीड महिना बसून तीन वर्षांची रजिस्टरे टाइप केली, आणि टाइप करताना जिथे अक्षर लागले नाही तिथे त्या खाली शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन लिहिणाऱ्यालाच विचारून आल्या. त्या दीड महिन्यात त्या दोघींना आमची फाउंड्री जितकी कळली तितकी एरवी दोन वर्षांत कळली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्या संस्था असे साधन घेऊन कागद थेट आत ढकलतील, त्यांचा हा लाभ जाईल. तो हिशेबात धरावा.

आता साधनाने प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. दर वर्षी जून ते सप्टेंबर या काळात आमचे ब्लो होलचे रिजेक्शन वाढते. ब्लो होल म्हणजे लोखंडाचा रस साच्यात थिजत असताना आत अडकलेल्या वायूची पोकळी. ती कधी वरून दिसते, कधी ग्राहकाकडे मशिनिंग करताना उघडी पडते. पावसाळ्यात वाळू ओली राहते हे कारण प्रत्येकाला माहीत होते आणि प्रत्येक ८डी अहवालात तेच लिहिलेले होते. मी तीन वर्षांची रजिस्टरे आणि अहवाल एका वहीत घालून मराठीत विचारले की पावसाळ्यातल्या वायुदोषांच्या सगळ्या नोंदी एकत्र करून, त्या दिवशीच्या शेऱ्यांसह दे. जे उत्तर आले त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्या तीन पाळ्या एकाच दोषाला तीन नावांनी लिहीत होत्या. पहिल्या पाळीत ‘ब्लो’, दुसरीत ‘गॅस होल’, आणि तिसऱ्या पाळीचा जुना मोल्डर (साचे बनवणारा) सरळ ‘फुगा’ असे लिहायचा. एक्सेलमध्ये ‘ब्लो’ हा शब्द गाळणीला लावून आम्ही जे तक्ते इतकी वर्षे काढले, त्यांत ‘फुगा’ कधी आलाच नव्हता. नोटबुकएलएमने अर्थावरून तिन्ही एकत्र आणले, प्रत्येक नोंदीपुढे आकडा लावला, आणि मी एकेका आकड्यावर क्लिक करत त्या पानांवर गेलो, तेव्हा तिसऱ्या पाळीच्या शेऱ्याच्या रकान्यात, वेगवेगळ्या महिन्यांत, साधारण एकाच आशयाचे वाक्य मला पाच वेळा भेटले : ‘हवा जड. कोअर भाजून घेतले.’ ज्या दिवशी हा शेरा होता, त्या दिवशी त्या पाळीत फुगा कमी होता.

वाळू नव्हे, कोअर. साच्याच्या पोकळीत बसवायचे हे वाळूचे गाभे आम्ही सोडियम सिलिकेट घालून आणि कार्बन डायऑक्साइड सोडून कडक करतो, आणि असे कोअर हवेतला ओलावा ओढून घेतात हे पाठ्यपुस्तकातही असते. आमच्याकडे ते मांडणीवर रात्रभर उघडे पडत होते. मी पुढचा प्रश्न विचारला : कोअर किती तापमानाला आणि किती वेळ भाजायचा? उत्तर दोन ओळींचे होते. दिलेल्या स्रोतांमध्ये कोअर भाजल्याचा उल्लेख आहे, पण वेळ किंवा तापमान दिलेले नाही. या सव्वा वर्षात मला या साधनाकडून मिळालेले सर्वांत मोलाचे उत्तर हेच. दुसऱ्या एखाद्या साधनाने इंटरनेटवरच्या सामान्य माहितीतून एक ठाम आकडा दिला असता, मी तो कार्यसूचनेत लिहिला असता, आणि ऑडिटरही खूश झाला असता. इथे नेमके कळले की आमच्या संस्थेत ही गोष्ट लिहिलेली नाही, आणि ती ज्याला माहीत आहे तो माणूस तिसऱ्या पाळीत आहे.

तिसऱ्या पाळीत ज्यांनी तो शेरा लिहायला लावला होता ते अर्थातच मामा. रात्री साडेदहाला मी आणि त्या दोघींपैकी एक जण त्यांच्याकडे गेलो. किती वेळ भाजता, असे विचारल्यावर ते हसले. “साहेब, घड्याळ लावून कोण भाजतंय? ऐका,” असे म्हणून त्यांनी मांडणीवरचा एक कोअर उचलला, तळव्यावर धरला आणि नखाने टिचकी मारली. आवाज बद्द होता. मग ओव्हनमधून काढून निववलेला दुसरा घेतला आणि तशीच टिचकी मारली. तो खणखणीत वाजला, मडके वाजवावे तसा. “पाऊस लागला की कोअर पाणी पितंय. बद्द वाजतोय तोवर बसवायचा न्हाई. आणि लई भाजला तर कडा झडत्यात, मग ती वाळू रसात.” हे सगळे त्यांनी दोन मिनिटांत सांगितले आणि ते पुन्हा भट्टीकडे गेले. इतकी वर्षे एकाच छपराखाली काम करूनही मी त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण हा प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हते.

पुढचे तीन आठवडे आम्ही टिचकीचे वजनात भाषांतर केले. सकाळी तयार झालेल्या कोअरचे वजन करायचे, रात्री मांडणीवरून उचलताना पुन्हा करायचे, मामांनी किंवा त्यांच्या हाताखालच्या मुलाने वाजवून ‘बद्द’ किंवा ‘चालेल’ एवढेच लिहायचे, आणि भाजल्यावर तिसऱ्यांदा वजन करायचे. मोठ्या कोअरच्या बाबतीत वजनातली वाढ आणि बद्द आवाज यांचा मेळ चांगला बसला. बारीक कोअरच्या बाबतीत नीट बसला नाही, तिथे आजही टिचकीच चालते, आणि कार्यसूचनेत तसे स्पष्ट लिहिले आहे. ही कार्यसूचना आमच्या फाउंड्रीत तयार झालेले खरेखुरे नवे ज्ञान आहे, असे मी मानतो. ते साधनाने निर्माण केले नाही. ते मामांच्या नखात होते, तराजूवर आले आणि कागदावर उतरले. पण रजिस्टरांच्या ढिगातून त्या शेऱ्यापर्यंत आम्हाला साधनानेच नेले, आणि इथून पुढे लिहिलेले सापडणार नाही, हेही त्यानेच सांगितले.

संस्थेत ज्ञान कसे तयार होते याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला ते जपानी प्राध्यापक इकुजिरो नोनाका जानेवारी २०२५मध्ये वारले. त्यांनी दिलेले एक उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात मी ऐकले होते, ते त्या रात्री आठवले. १९८०च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवण्याचे यंत्र तयार करत होती, पण कणीक नीट मळली जात नव्हती. तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर अभियंत्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली जाऊन शिकल्या; तो कणीक ताणताना तिला एक पीळ देतो हे त्यांच्या लक्षात आले, आणि तो पीळ यंत्रात उतरवला गेला. नोनाकांनी या प्रवासाचे चार टप्पे सांगितले : सहवासातून हातचे ज्ञान घेणे, ते शब्दांत मांडणे, मांडलेले इतर मांडलेल्याशी जोडणे, आणि जोडलेले पुन्हा सरावाने हातात मुरवणे. नोटबुकएलएमसारख्या साधनांचे मोल ठरवताना मला ही चौकट सर्वांत उपयोगी वाटते. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे लिहिलेल्याला लिहिलेल्याशी जोडण्यात, त्यांची ताकद अशी आहे की आमच्यासारख्या मध्यम संस्थेला ती याआधी कधीच परवडली नसती. दुसऱ्या टप्प्यात ती मदत करतात, कारण काय मांडायचे राहिले आहे ते त्यांच्यामुळे दिसते. पहिल्या आणि चौथ्या टप्प्यात त्यांचे काही काम नाही. तिथे रात्रपाळीला जाऊन उभेच राहावे लागते.

एक अपघातही सांगितला पाहिजे, आणि त्यात चूक पूर्णपणे आमची होती. वाळूच्या नियंत्रणाची कार्यसूचना आमच्याकडे पाच वेळा सुधारली गेली आहे, कारण मधल्या काळात हातमोल्डिंगवरून आम्ही यंत्रमोल्डिंगवर आलो आणि वाळूतल्या ओलाव्याची मर्यादा खाली आणावी लागली. वही भरताना उत्साहाच्या भरात आम्ही सगळ्या आवृत्त्या घातल्या, जुन्या आणि नव्या. ओलावा किती ठेवायचा असे एका ट्रेनीने विचारले, त्याला तिसऱ्या आवृत्तीतला आकडा मिळाला, आणि त्याने शेजारच्या आकड्यावर क्लिक न करता तो मिक्सरवाल्याला सांगितला. जवळपास एका पाळीचे काम वाया गेले. क्लिक केले असते, तर पानाच्या डोक्यावर जुन्या आवृत्तीची तारीख त्याला दिसली असती. त्या दिवसापासून वहीत फक्त चालू आवृत्ती राहते, जुन्या आवृत्त्यांची ‘इतिहास’ नावाची वेगळी वही आहे, आणि स्रोत उघडून पाहिल्याशिवाय शॉपवर आकडा सांगायचा नाही, हा नियम नोटीस बोर्डावर आहे. उत्तरे चुकू शकतात, तपासून घ्या, अशी सूचना नोटबुकएलएमच्या पडद्यावरच असते. ती सूचना खाली बारीक अक्षरांत असते, म्हणून ती आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून लावली.

या परीक्षणातला जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो आता मांडतो. ग्राहकाकडून तक्रार आली की ८डी अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात दोषाचे मूळ कारण शोधण्यासाठी ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा असतो. पूर्वी हे अहवाल मोडक्या इंग्रजीत, उशिरा, पण शॉपवर चार माणसांशी बोलून लिहिले जात. जनरेटिव्ह एआय हाताशी आल्यावर अहवाल दुसऱ्या दिवशी येऊ लागले, भाषा सफाईदार झाली, पाचही ‘का’ एकाखाली एक व्यवस्थित उतरू लागले. दोन-तीन महिन्यांनी मी ते एकत्र वाचायला बसलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की कारणांची साखळी भाषेच्या जोरावर पुढे सरकत होती. ‘प्रशिक्षण अपुरे होते’, ‘तपासणीची वारंवारता कमी होती’, असे कुठल्याही कारखान्याला आणि कुठल्याही दोषाला बसेल असे काहीतरी शेवटी येत होते. त्या दिवशी भट्टीत काय झाले होते, ते कुठेच नव्हते. असा अहवाल ग्राहकाकडे गेला तर एक वेळ चालेल. तो आपल्याच वहीत स्रोत म्हणून गेला, तर पुढच्या वेळी साधन त्याच्याकडे बोट दाखवून, शेजारी आकडा लावून, तेच कारण पुरावा म्हणून सांगणार. जे कोणी पाहिलेच नाही, ते दोन फेऱ्यांत संस्थेची माहिती बनते. नोटबुकएलएममध्ये स्वतःच तयार केलेली टिपणे एका बटणावर स्रोतात बदलण्याची सोय आहे. संशोधन करणाऱ्याला ती उपयोगी पडत असेल, पण कारखान्याच्या वहीत मला तिची भीती वाटते. आमच्याकडे आता स्रोत फक्त दोन प्रकारचे असतात : माणसाने जागेवर पाहून लिहिलेले आणि यंत्राने मोजलेले. यंत्राने रचलेला मजकूर कितीही चांगला असला तरी तो वाचून फेकायचा, साठवायचा नाही. ज्या संस्थांनी अशी साधने घेतली आहेत, त्यांनी बाकी काही केले नाही तरी हा एवढा बांध घालावा, असे मी कळकळीने सुचवेन.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी २०२३मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ५,१७९ ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. एआयची मदत मिळाल्यावर तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, तर अनुभवी आणि निष्णात कर्मचाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की निष्णातांच्या कामाच्या पद्धती साधनामार्फत नवख्यांपर्यंत पोहोचत होत्या. हे वाचताना मला आनंदही झाला आणि थोडी अस्वस्थताही वाटली, कारण ज्याच्या हातची विद्या सगळ्यांना वाटली गेली, त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न उरतो. मामांना आम्ही आधी विचारले, मगच लिहिले. कोअर भाजण्याच्या कार्यसूचनेवर ‘माहिती देणारे’ असा रकाना आहे आणि त्यात त्यांचे पूर्ण नाव आहे. नोटबुकएलएममध्ये कोणी तो प्रश्न विचारला आणि आकड्यावर क्लिक केले की ते नाव समोर येते. त्यांना त्या वर्षीच्या सूचना-योजनेचे बक्षीसही मिळाले. रक्कम मोठी नव्हती. ती मोठी असायला हवी होती, असे माझे मत आहे आणि ते मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.

भाषेच्या बाबतीत हे साधन आमच्या शॉपला मानवले. कार्यसूचना इंग्रजीत आहेत, शेरे मराठीत आहेत, आणि प्रश्न ज्याला जसा सुचेल तसा विचारला जातो. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजी कागदातून मराठी उत्तर मिळते आणि शेजारच्या आकड्यावरून मूळ इंग्रजी ओळही पाहता येते. मोल्डिंगवरच्या ज्या मुलांनी आजवर कंट्रोल प्लॅन कधी उघडला नव्हता, त्यांना तो पहिल्यांदा वाचता आला, ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. स्रोतांवर दोन आवाजांतला संवाद तयार करून देण्याची सोय सप्टेंबर २०२४मध्ये आली आणि एप्रिल २०२५पासून ती मराठीसह पन्नासहून अधिक भाषांत मिळते. नव्या कामगाराला विषयाची तोंडओळख म्हणून ती बरी आहे. परंतु ऐकताना शेजारी पुराव्याचा आकडा नसतो, त्यामुळे तापमान, वेळ, टक्केवारी अशा गोष्टींसाठी आम्ही ती वापरत नाही. शिकवण्यासाठी ध्वनिमुद्रणापेक्षा मिस्त्रीच बरे.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. वर्कस्पेसच्या खात्यावर टाकलेले कागद आणि विचारलेले प्रश्न मॉडेल शिकवण्यासाठी वापरले जात नाहीत, असे गूगलने जाहीर केले आहे. तरीही ग्राहकांची ड्रॉइंगे आम्ही वहीत घालत नाही, कारण ती आमची नाहीत आणि गोपनीयतेच्या करारावर आमच्या सह्या आहेत. याशिवाय प्रत्येक वही स्वतंत्र असते आणि एका वहीला दुसरीतले कळत नाही, ही मर्यादा लक्षात घेऊन वह्यांची रचना आधीच करावी. आम्ही विभागवार वह्या केल्या होत्या; दोषवार केल्या असत्या तर बरे झाले असते, कारण दोष कधी एका विभागात राहत नाही.

हे साधन घ्यावे का, असे मला विचारले, तर ज्या कारखान्यात रजिस्टरे मनापासून लिहिली जातात तिथे जरूर घ्यावे, आणि जिथे ती पाळी संपताना एकटाकी भरली जातात तिथे आधी रजिस्टरे सुधारावीत. नाहीतर खोटे आकडे अधिक ठामपणे बोलू लागतील. आमच्या फाउंड्रीत त्याने किती टक्के उत्पादकता वाढवली, हे मला सांगता येणार नाही आणि तसा आकडा सांगणाऱ्यावर मी चटकन विश्वासही ठेवणार नाही. पण एक सवय मात्र पक्की लागली आहे. ज्या प्रश्नाला ‘स्रोतांमध्ये माहिती नाही’ असे उत्तर येते, तो प्रश्न विचारणाऱ्याने भट्टीजवळच्या फळ्यावर लिहायचा. दर शनिवारी पाळी बदलताना मामा, वाळू-प्रयोगशाळेतला मुलगा आणि मी फळ्यासमोर दहा-पंधरा मिनिटे उभे राहतो. काही प्रश्न तिथेच सुटतात, काहींसाठी चाचणी ठरते, आणि सुटलेले उत्तर सांगणाऱ्याच्या नावासह वहीत जाते. यंदाच्या पावसाळ्यात कोअरचा प्रश्न फळ्यावर नव्हता. सध्या सर्वांत वर आहे तो मोल्डिंगच्या मुलाने विचारलेला : नवे अस्तर लावलेल्या लॅडलमधून (रस नेऊन ओतायच्या भांड्यातून) पहिल्या दोन ओतींत रस नेहमीपेक्षा किती लवकर निवतो? आमच्या कुठल्याच कागदात याचे उत्तर नाही. पुढच्या सोमवारी नव्या अस्तराची एक लॅडल राखून ठेवा, आणि येताना रसाचे तापमान मोजणारा पायरोमीटर घेऊन या, असे मामांनी सांगितले आहे.